आधी देठ जमवा, मग पान

वसईच्या एका जोडप्याने विचारलं आहे. ती कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते, तो एका कंपनीत कॅडवर, म्हणजे संगणकावरच्या आरेखनाच्या सॉफ्टवेअरवर, यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग करतो. दोघांना मिळून झाडापानांवरून सुचलेले चांदीचे दागिने करायचे आहेत. त्यांनी खरी बारा पानं गोळा करून झवेरी बाजारात कास्टिंगला, म्हणजे साच्यात चांदी ओतून घ्यायला, दिली. त्यातली नऊ भोकं पडून परत आली. उरलेल्यांतून एक कानातल्याची जोडी केली, तर त्यातलं एक पान पंधरा दिवसांत तुटून पडलं. आता त्यांचे प्रश्न असे: पद्धत कोणती धरावी, वन-बीएचकेमध्ये काय काय करता येईल, किंमत कशी लावावी, आणि नवरा-बायकोने एकाच कामात पडावं का.

मी आणि माझा नवरा बावीस वर्षं हेच काम करतोय, आधी गिरगावात आणि आता डोंबिवलीत. तो सोनारकाम घरात बघतच मोठा झाला, मी चित्रकलेकडून आले. तुमच्या चार प्रश्नांपैकी एकही मला सगळ्यात महत्त्वाचा वाटत नाही. तुम्ही ओझरतं लिहिलंय ते जास्त महत्त्वाचं आहे: पान तुटलं. कुठून तुटलं हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी सांगते, देठापासून.

आमचंही तसंच झालं होतं. दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी पिंपळाच्या पानाची कानातली केली होती. देठ खऱ्यासारखा लांब आणि नाजूक, त्याच्या टोकाला कडी, कडीत हूक. फार सुंदर दिसायची. दादरच्या पुलावर एका ताईंचं एक पान पडलं आणि गर्दीच्या पायांखाली गेलं. दुसरं घेऊन त्या आमच्याकडे आल्या. रागावल्या नव्हत्या, फक्त म्हणाल्या, "हेही हलतंय हो." नवऱ्याने ते भिंगाखाली धरलं. पान आणि देठ जिथे मिळतात तिथे केसाएवढी चीर होती. त्याने दोन बोटांनी जरा वाकवलं, तर कट् करून हातातच आलं. तुटलेला भाग साखरेसारखा रवाळ दिसत होता. तो बघूनच त्याने सांगितलं, "झाळताना जास्त तापवलं मी." (झाळणं म्हणजे झाळ हा लवकर वितळणारा धातू लावून दोन भाग जोडणं.)

तापवणं हे अर्धंच कारण होतं. उरलेलं अर्धं झाडाकडे होतं. तुम्ही तर वनस्पतिशास्त्र शिकवता, तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. पिंपळाचं पान जराशा वाऱ्यानेही सळसळतं, कारण त्याचा देठ लांब आणि सडपातळ असतो. पान हलावं अशीच ती रचना आहे. आणि वेळ आली की देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर सुटतो आणि पान गळतं. म्हणजे पानाची मूळ घडणच हलण्याची आणि गळण्याची. दागिन्यात आपल्याला त्यातलं हलणं हवंय, गळणं नकोय. जिवंत देठ वाकून पुन्हा सरळ होतो. चांदी त्याच जागी हजार वेळा वाकली की कडक होत जाते आणि तार मोडावी तशी मोडते.

त्या दिवसापासून आम्ही पानाचं चित्र काढायच्या आधी देठाचं काढतो. वजन कुठून जाणार, कुठे लटकणार, कुठे हलणार, हे आधी ठरतं. आता आम्ही तीनपैकी एक करतो. कडी देठाच्या टोकाला न लावता पानाच्या मागे, मधल्या शिरेच्या वरच्या भागात झाळायची. देठ पुढून फक्त दिसतो, भार घेत नाही. किंवा देठ पानापासून वेगळा करायचा आणि दोहोंत बिजागरीसारखी जोडणी द्यायची, म्हणजे पान खरोखर हलतं, पण धातू वाकत नाही. किंवा मधली शीर आणि देठ एकाच तारेतून काढायचे, पान त्या तारेवर बसवायचं. तिसरा मार्ग मला सगळ्यात आवडतो, कारण झाडातही ते तसंच असतं: देठ पुढे जाऊनच शीर होते.

आता भोकांबद्दल. तुम्ही कास्टिंगवाल्याला दोष दिलाय, पण त्याचा फारसा दोष नाही. पान प्लास्टरसारख्या पावडरीच्या साच्यात बसवतात. साचा भट्टीत सावकाश तापवून पान जाळून टाकतात आणि त्या रिकाम्या जागेत वितळलेली चांदी जाते. ९२५ ची चांदी, म्हणजे ९२.५ टक्के चांदी आणि उरलेलं बहुतेक तांबं, ८०० अंश सेल्सिअसला वितळू लागते आणि ९०० च्या आत पूर्ण वितळते. आपल्या अंगणातलं पान दोन-तीन दशांश मिलिमीटर जाड. एवढ्या फटीत चांदी शिरते आणि टोकापर्यंत पोचायच्या आत गोठते. म्हणून भोकं. दुसरं कारण राख. एरवी कास्टिंगला मेणाचा नमुना देतात. मेण जळून जवळजवळ काही मागे ठेवत नाही, पान मात्र राख ठेवतं. मेणाच्या मालासोबत तुमची पानं एकाच भट्टीत गेली असतील तर ती पुरेशी जळलीच नसणार. त्यांना जास्त वेळ लागतो आणि हे आधी सांगून ठरवावं लागतं.

उपाय साधा आहे. पान दाबून पूर्ण वाळवा. पावसाळ्यात वर्तमानपत्राचे कागद रोज बदला, नाहीतर दोन दिवसांत बुरशी येते. मग पानाची जी बाजू दिसणार नाही, तिला कोमट पातळ मेणाचे ब्रशने दोन-तीन हात द्या. एकूण जाडी पाऊण ते एक मिलिमीटर झाली पाहिजे. चांदी आत ओतण्याची नळी देठाला लावू नका, मधल्या शिरेच्या जाड भागाला लावा आणि पान मोठं असेल तर दोन लावा.

आता, दिसणारी बाजू कुठली? बहुतेक जण पानाची वरची, गुळगुळीत बाजू पुढे ठेवतात. जवळजवळ सगळ्या पानांच्या शिरा खालच्या बाजूला उठून आलेल्या असतात. पान उलटं करा आणि खालची बाजू दर्शनी घ्या. आपट्याचं पान हातात घेऊन बघा. देठापासून पंख्यासारख्या सात-नऊ शिरा निघतात. वरून त्या रेषा दिसतात, खालून दोरीसारख्या हाताला लागतात. चांदीत हे उतरलं आणि खोलगट भागाला काळं ऑक्सिडाइज दिलं की पान उठून येतं.

वजनाचं गणित आधीच करा. चार सेंटिमीटर लांब, तीन रुंद पानाचं क्षेत्रफळ साधारण आठ चौरस सेंटिमीटर भरतं. पाऊण-एक मिलिमीटर जाडीला त्याची सहा ते आठ ग्रॅम चांदी होते. एका कानाला एवढं पुष्कळ झालं, रोज घालायला जडच. लटकनला हे पान चालेल, कानातल्यासाठी छोटं पान शोधा. मेणाचा नमुना असेल तर त्याच्या वजनाच्या साधारण दहापट चांदी लागते, असा कारागिरांचा हिशोब आहे आणि तो बरोबर आहे.

खऱ्या पानावरून ओतणं ही एकच वाट नाही. माझ्या मते सुरुवातीची तर नाहीच. आधी तांब्याच्या पत्र्यावर पान उमटवायला शिका. तापवून मऊ केलेला पत्रा, त्यावर वाळलेलं पान, वर दुसरा पत्रा किंवा जाड कागद, आणि रोलिंग मिलमधून, म्हणजे दोन रुळांच्या यंत्रातून, एकदाच दाबून काढायचं. दुसऱ्यांदा काढलं की ठसा दुहेरी येतो. मिल विकत घेऊ नका. झवेरी बाजाराच्या गल्ल्यांत पत्रा दाबून देणारे आहेत. पायधुणीजवळ तांबाकाट्यावर तांब्या-पितळेचा पत्रा मिळतो. सहा महिने तांब्यावर हात बसवा, तांबं बिघडलं तर जीव तुटत नाही. ठशाला करवीचं, म्हणजे काही वर्षांनी एकदाच फुलणाऱ्या डोंगरी झुडपाचं, पान फार चांगलं, खरबरीत आणि खोल शिरांचं. पण ते बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून तोडून आणू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तिथून काहीही उचलायला मनाई आहे. २०१६ साली तिथे करवी फुलली होती, तेव्हा आम्ही फक्त वही घेऊन गेलो. त्या चित्रांवर अजून काम चाललंय.

बिया आणि फळांचं तंत्र वेगळं आहे. ताम्हणाचं वाळलेलं फळ पाच-सहा पाकळ्यांत उकलतं, लाकडी चांदणीसारखं. ते थेट जाळायला देऊ नका, राख उरते. त्याचा सिलिकॉनचा थंड साचा घ्या आणि त्यातून मेण काढा. दागिन्यांचे रबराचे साचे गरम दाबून पक्के करतात, त्यात फळ चिरडतं. आणि गुंज कधीही भोक पाडून ओवू नका. सोनाराच्या तराजूत तिचा मान मोठा, आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, पण तिच्या आतला भाग जहाल विषारी असतो. भोक पाडताना उडणारी पूडही धोक्याची. गुंज हवी असेल तर मीना करून घडवा.

रेझिनमध्ये खरी फुलं बसवण्याबद्दलही तुम्ही विचारलंय. मी ते करत नाही. फुलात जरा ओल राहिली की आत तपकिरी होतं. मोगऱ्यासारखी पांढरी फुलं तर पहिली काळवंडतात. शिवाय रेझिन उन्हाने पिवळं पडतं. आईच्या वेणीतलं फूल जपायचं म्हणून कुणी मागितलं तर मी नाही म्हणणार नाही, पण त्यावर संसार उभा करू नका. तांब्याच्या क्षारात पान बुडवून विजेने धातू चढवायची पद्धत सुंदर आहे, त्यात पानाची शीर न् शीर येते. पण तिथे गंधकाम्ल आणि मोरचूद असतं. वन-बीएचकेमध्ये ते ठेवू नका, आणि त्याचं पाणी मोरीत तर कधीच ओतू नका.

आता एक गोष्ट, जिच्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही. झाडांवरून दागिने करायचे तर आपल्या आज्या-पणज्यांनी काय केलं ते आधी बघा. बोरमाळ, जोंधळी पोत, चंपाकळी, बकुळहार ही नावं नुसती म्हणून बघा. बोर, जोंधळा, चाफा, बकुळ! एकातही हुबेहूब नक्कल नाही. जोंधळ्याचा मणी म्हणजे जोंधळ्याचा आकार आणि शेकड्याने एकत्र आल्यावर होणारी त्याची रास. बोरमाळेचा मणी पातळ सोन्याचा, आत लाख भरलेली, म्हणून मोठा दिसूनही हलका. बकुळीचं फूल गळतं ते मधे भोक घेऊनच. म्हणून मुली ते सुईशिवायही ओवतात, आणि बकुळहारात ती ओवण्याची रीतच सोन्यात उतरलीय. म्हणजे त्या सोनारांनी फुलाचा चेहरा घेतलाच, शिवाय फूल कसं जोडलं जातं तेही घेतलं. मी मघापासून देठाचं सांगतेय ते हेच.

याचा दुसरा पाठ मुंबईत फुकट मिळतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या खांबांवरची दगडी पानं बघा. ते नक्षीकाम १८८० च्या सुमारास जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांनी केलंय. दगडात पातळ पान तग धरत नाही, म्हणून त्यांनी पानाची कड बाहेर वळवून जाड केली आहे आणि मागचा भाग खांबाला धरून ठेवलाय. पण समोरून बघताना पान सुटं आणि ताजं वाटतं. चांदीच्या पानाची कडही अशीच वळवा. पातळ पत्रा असूनही ताकद येते, आणि साडीच्या पदरात, ओढणीत टोक अडकत नाही. पिंपळाचं शेपटीसारखं लांब टोक तर वळवलंच पाहिजे. झाडं नावानिशी बघायची असतील तर भायखळ्याची राणीची बाग आहे, १८६२ पासूनची. तिथेही पान तोडू नका, खाली पडलेलं बघून चित्र काढा.

तुमच्या यजमानांना एक सांगायचंय. कॅडमध्ये पानाचा अर्धा भाग काढून आरशासारखा उलटवायची सोय असते. ती वापरू नका. कडुनिंबाची पानुली हातात घ्या: कोयत्यासारखी बाकदार, आणि बुडाशी एक बाजू दुसरीपेक्षा मोठी. बहुतेक पानांत डावी शीर आणि उजवी शीर समोरासमोर निघत नाही, पुढे-मागे निघते. ती दोन मिलिमीटरची चुकामूक काढून टाकली की पान मरतं. माझा नवरा एखादा नग बघून नुसतं "मेलंय" म्हणतो, आणि बहुतेक वेळा कारण हेच असतं. कॅड जोडणीसाठी वापरा, तिथे त्यांचं यंत्रांचं ज्ञान सोन्यासारखं उपयोगी पडेल. बिजागरीत किती जागा सोडायची हे मला आजही त्यालाच विचारावं लागतं.

घरात काय करता येईल? करवतीने कापणं, कानस, मेण कोरणं, घासणं, जुळणी आणि छोटी झाळकामं. खिडकीशी टेबल, खाली पत्रा किंवा सिमेंटची फरशी, वर हवा ओढणारा पंखा आणि हाताशी पाण्याची बादली. भट्टी आणि ओतकाम बाहेर करून घ्या. मोठा गॅस सिलिंडर कामासाठी घरात आणू नका, सोसायटीलाही ते चालणार नाही. ब्युटेनची छोटी टॉर्च बारीक कामाला पुरते. झाळ विकत घेताना कॅडमियम नसलेलीच मागा, त्याचा धूर फुप्फुसं खातो. आणि टाकणखार लावून, अंधाऱ्या खोलीत जेमतेम लालसर दिसेल इतकंच तापवा, झाळ वाहिली की ज्योत काढा. आमची ती चीर ज्योत काढायला झालेल्या चार सेकंदांच्या उशिरामुळेच पडली होती. तयार नगाला रिठ्याच्या पाण्यात पितळी ब्रशने घासा. मला त्यासारखी झळाळी दुसऱ्या कशानेही आलेली नाही.

टेबलावरचा चांदीचा भुगा पुसून फेकू नका. डब्यात जमवा. जुन्या पेठेत झारेकरी सोनाराच्या दुकानासमोरची धूळ गाळून पोट भरायचे, त्यावरून काय ते समजा.

हॉलमार्कचं थोडक्यात: सोन्याला तो २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झालाय, चांदीला ऐच्छिक आहे. बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणी घेतलेल्या सराफालाच हॉलमार्क केंद्रात माल देता येतो. स्वतः ठोकलेला ९२५ चा शिक्का म्हणजे हॉलमार्क नव्हे, गिऱ्हाइकाला तसं भासवू नका. चांदी दमट हवेत काळी पडते, हेही आधीच सांगा आणि नगासोबत हवाबंद पिशवी द्या. सोडा आणि ॲल्युमिनियमच्या कागदाच्या घरगुती उपायाने ऑक्सिडाइज निघून जातं, तेही सांगा.

किंमत वजनावर लावू नका. वजनावर लावली की तुम्ही पान जाड करत जाल, आणि तिथेच तुमचं काम संपेल. चांदी त्या दिवसाच्या भावाने, ओतकाम आणि पॉलिशचे दिलेले पैसे, मग दोघांचे तास. तास खरे लिहा. चित्र काढायला गेलेली संध्याकाळही लिहा. वरून बिघडलेल्या नगांचा वाटा. आम्ही दहात एक धरतो. या सगळ्यावर ३ टक्के जीएसटी, नोंदणी असेल तर. हा आकडा बघून घाबरलात तर नग सोपा करा, तास खोटे करू नका. घडणावळ कमी लावणारे पुष्कळ आहेत, आणि त्यात सगळ्यात जास्त बायकांचे तास बुडतात. मी स्वतः पहिली पाच वर्षं माझी घडणावळ धरलीच नव्हती.

आणि नवरा-बायकोचं. दोन टेबलं ठेवा, एक नको. हत्यारंही आपापली ठेवा, चिमट्यावरून झालेलं भांडण जेवणापर्यंत जातं. आमच्याकडे एक नियम आहे: ज्याने नग केला त्याने तो तपासायचा नाही. माझं काम तो बघतो, त्याचं मी. दोष सांगताना बोट नगावर ठेवायचं, माणसावर नाही. सुरुवातीला मला हे फार जड गेलं, कारण त्याचा हात माझ्यापेक्षा तयार होता आणि प्रत्येक दोष मला टोमणा वाटायचा. मग एकदा त्याच्या झाळीतली फट मी पकडली, आणि तो निमूट उठून ती दुरुस्त करायला बसला. त्या दिवशी माझी भीती गेली. तुम्हा दोघांत एकाला झाडं कळतात आणि एकाला जोडण्या. याहून चांगली वाटणी मी शोधूनही देऊ शकले नसते.

आता पहिलं काम. आपट्याच्या पानाची एकच जोडी करा, उलट्या बाजूने, मधली शीर आणि देठ एका तारेत. ती विकू नका. ताईंनी ती घालून महिनाभर रोज सकाळच्या गर्दीच्या वेळची वसई–चर्चगेट लोकल पकडायची. महिन्याने दोघांनी मिळून देठ भिंगाखाली धरा. चीर दिसली तर कुठे दिसली त्याचं चित्र काढून मला पाठवा, मी नवऱ्याला दाखवते.